मुकादम आणि गबाळ्या

गल्लीच्या तोंडाशी फोटोफ्रेमचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाशी बोलायची ती ताई, आणि फ्रेमा करायचा तो तिचा धाकटा भाऊ. लोक त्याला फ्रेमवाला म्हणत. तो आत टेबलाशी पाठमोरा बसलेला असे, आणि नवखं गिऱ्हाईक हाका मारून मारून रडकुंडीला येई. मग ताई बाहेर येऊन सांगायची, "त्याला नका ओरडू, मला ओरडा. मी बसलेच आहे त्यासाठी."

शाळेत जायला लागला तेवढ्यात एका तापाने त्याचे कान नेले. जीव वाचला हेच खूप, असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पण ऐकू येईनासं झाल्यावर आवाजाचा लगाम सुटला. शब्द मध्येच वर चढायचा, मध्येच घशात पडायचा. वर्गातली पोरं त्याची नक्कल करून हसून हसून लोळायची. एक दिवस त्याने आपला आवाज उचलून घरात आणून ठेवला तो कायमचाच. बाहेर तो मुका, आणि घरात ताईपाशी इतका बोलका की ताई कधीकधी दोन्ही हात जोडून म्हणे, पुरे आता, माझे कान शाबूत आहेत अजून.

ताईलाही स्थळं आली होती. प्रत्येकात तिने काहीतरी खोड काढली. एकाचं नाक, एकाची आई, एकाचं तर नुसतं बसणंच तिला पटलं नाही. खरी अडचण कुठे होती हे आईवडिलांना कळत होतं, पण ते बोलले नाहीत. पुढे तेही गेले आणि मागे राहिली ही दोघं. दुकान पुढे, घर मागे, आणि सगळ्याला मिळून जुन्या फळ्यांची एकच लाकडी जमीन. दोघांचं रहाटगाडगं ठीक चाललं होतं. त्याला ओठ वाचता येत, आणि जिथे ओठ अपुरे पडत तिथे दोघांनी लहानपणी जुळवलेल्या खुणा होत्या. त्या जगात दुसऱ्या कोणाला कळत नसत.

ससे आले ते एका खोक्यातून. एक बाई फ्रेम न्यायला आली, आणि जाताना खोकं काउंटरवर ठेवून रडायलाच लागली. तिचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी चाललं होतं आणि नव्या घरमालकाला जनावरं चालत नव्हती. ताईचं मन म्हणजे लोणी, जरा ऊब लागली की संपलं. बाई गेल्यावर फ्रेमवाल्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. लाकडाच्या पट्ट्यांवर ज्याचं पोट, त्याने ससे पाळायचे? म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर. ताई म्हणाली, चार दिवस ठेवू, कोणीतरी मिळेल. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत.

दोन होते, एक मादी आणि एक नर. मादी अंगाने थोराड, राखाडी, कपाळावर आठी असावी अशी तिची नजर. आल्या दिवशीच तिने दुकान, स्वयंपाकघर, मागची खोली असा सगळा फेरफटका मारला. वाटेत लागेल त्या वस्तूला हनुवटी घासली, खुर्चीचा पाय, सरसाचा डबा, फ्रेमवाल्याची चप्पल, म्हणजे हे माझं, हेही माझं, आणि हा इथे बसलेला माणूससुद्धा माझाच. ताईने तिचं नाव मुकादम ठेवलं. नर पांढरा, एक कान उभा आणि एक पडलेला, सदा केस विस्कटलेले, कुठेही अंग टाकून देणारा. तो गबाळ्या. पहिल्यांदा तो धावता धावता थांबला आणि धप्पकन कुशीवर पडला, पाय ताठ, पोट वर, तेव्हा फ्रेमवाल्याला वाटलं, मेला. हातातलं टाकून तो धावला. गबाळ्याने एक डोळा उघडला, कोण तडफडतंय म्हणून पाहिलं, आणि पुन्हा मिटला. ताई हसून हसून खाली बसली.

सशाला माया करता येते हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कुत्रा शेपटी हलवतो, मांजर गुरगुरतं, हे तर बिनआवाजी जनावर. पण राहता राहता कळत गेलं. ताई संध्याकाळी पाटावर भाजी निवडायला बसली की मुकादम तिच्या पावलांभोवती गोल गोल फिरायची, आणि मग आपलं डोकं जमिनीला टेकवून तिच्या हाताखाली सरकवायची. कुरवाळलं नाही तर नाकाने ढोसायची. कुरवाळता कुरवाळता ताईचा हात थांबला तर पुन्हा ढोसायची. ताई म्हणे, "अगं, कोथिंबीर निवडू का तुला निवडू?" दुसऱ्या कोणाला मात्र ती अंगाला हात लावू देत नसे. फ्रेमवाला तिच्या वाटेत जास्त वेळ उभा राहिला तर घोट्याला हलकेच दात लावायची, रक्त येऊ न देता, फक्त समज देण्यापुरते.

गबाळ्याचं असं काही नव्हतं. तो मुकादमच्या मागे मागे असायचा, तिने ताटली सोडली की खायचा, आणि ती बसली की तिच्या डोळ्यांच्या कडा, कपाळ, कान चाटून साफ करायचा. ती राणीसारखी डोळे मिटून बसून राही. त्याला कधी चाटलंच तर उपकार केल्यासारखं, एकदोनदा. ताई म्हणायची, संसार असाच असतो, एकाने चाटायचं आणि एकाने चाटून घ्यायचं. एकदा गबाळ्या फ्रेमवाल्याच्या मांडीवर चढून आडवा झाला. फ्रेमवाल्याने त्याच्या जबड्याखाली बोट ठेवलं तर आत काहीतरी बारीक थरथरत होतं. त्याने घाबरून ताईला बोलावलं. ताईने कान लावला आणि ओठ मोठे हलवून सांगितलं, दात घासतोय रे, सुखाने, हळूहळू. तेव्हापासून काम झालं की तो गबाळ्याला मांडीवर घेई आणि जबड्याखाली बोट ठेवून बसे. इतक्या वर्षांत एखाद्या जिवाची कुजबुज त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

आणि मुकादमचे पाय. काही खटकलं की ती मागचा पाय जमिनीवर आपटायची. फळ्यांतून तो ठोका थेट फ्रेमवाल्याच्या तळव्यात यायचा. पहिल्या वेळी त्याला वाटलं, भिंत पडली. उठून पाहतो तो दारात गिऱ्हाईक उभं. ताई म्हणाली, घे, तुला आयते कान मिळाले. मग काही दिवस प्रत्येक ठोक्याला तो उठे. पण मुकादमला काय खटकेल याला धरबंध नव्हता. कुंपणावर मांजर आलं, आपट पाय. कोणाच्या बुटाला कुत्र्याचा वास आला, आपट. ताटलीत पालेभाजी ठेवायला उशीर झाला, आपट. आभाळ गडगडलं तर आपट, आणि नाही गडगडलं तरी आपट. हळूहळू त्याने उठणं सोडलं. तळव्याला ठोका लागे आणि तो मनात म्हणे, बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलंय, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवी. ताईही तेच सांगायची. तिच्या प्रत्येक तक्रारीला धावलास तर फ्रेमा कोण करणार?

त्या दिवशी सकाळपासून त्याचं डोकं तापलेलं होतं. एका हॉटेलाचं मोठं काम आलं होतं, आणि त्यासाठी आणलेली सोनेरी पट्टी मुकादमने मधोमध कुरतडून ठेवली होती. तशी पट्टी व्यापाऱ्याकडे आता शिल्लक नव्हती. दुपारनंतर हॉटेलचा माणूस येणार. फ्रेमवाल्याने दोघांना उचललं, मागे स्वयंपाकघरात सोडलं आणि दार लावून घ्यायला लागला. ताई चुलीशी होती. तिने वळून पाहिलं.

"कडी कशाला? दार नुसतं लोट."

त्याने मान हलवली. लोटलेलं दार मुकादम नाकाने उघडते हे दोघांनाही माहीत होतं.

"पट्टी गेली तर गेली," ताई म्हणाली. "मुक्या जिवाला कोंडून काय मिळणार आहे? तुला कोणी असं कोंडलं असतं तर?"

तो रागात होता. त्याने तिच्या ओठांवरची नजर काढून घेतली. न ऐकण्याचा तेवढा एकच मार्ग त्याच्याकडे होता. दार ओढलं आणि दुकानाच्या बाजूने कडी घातली.

टेबलावर मोठी काच आडवी होती. काच कापायची हिरकणी एकदा काचेवर टेकली की ओढ एका दमात जावी लागते. हात मध्येच थांबला तर काच भलत्याच वाटेने तडकते. त्याने पहिली रेघ ओढली आणि तळव्यांत ठोका आला. मग दुसरा. मग लागोपाठ. चांगली आपट, तो मनात म्हणाला, तुझ्यामुळेच आलीय ही वेळ. त्याने दुसरी काच घेतली. ठोके चालूच होते. मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. एकदा त्याने वळून कडीकडे पाहिलंसुद्धा. पण आता उघडलं तर दोघं पुन्हा पट्ट्यांत येणार, आणि ताईच्या तोंडावर ते जिंकल्याचं हसू येणार, आणि ते हसू त्याला नको होतं. त्याने पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून ठेवले. तिथे ठोके पोचत नव्हते.

काच झाली, कडा घासून झाल्या, मागचे पुठ्ठे बसले. पाय खाली टेकवले तेव्हा जमीन शांत होती. दमली एकदाची, असं त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं. मग लक्षात आलं की आज चहा आलाच नाही. ताई रुसली असणार. तिचा रुसवा काढायला तो उठला, आणि उठता उठता काय बोलायचं हेही त्याने ठरवलं होतं.

ताई चुलीजवळ जमिनीवर पडलेली होती. एका कुशीवर, हात अंगाखाली. चूल विझवलेली होती, म्हणजे ती विझवण्याइतकं भान तिला राहिलं होतं. गबाळ्या तिच्या पोटाला पाठ लावून लांबलचक पडला होता. मुकादम तिच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावरचे केस चाटत होती, थांबत होती, नाकाने ढोसत होती आणि पुन्हा चाटत होती. ताईचे डोळे उघडे होते. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. आयुष्यभर ज्या ओठांवरून त्याने जग वाचलं, त्यांची एक बाजू खाली ओघळली होती. त्याला एकही शब्द लागला नाही.

तो गल्लीत धावत गेला आणि ओरडला. समोरची शिंपीण मशीनवरून उठून दारात आली. इतक्या वर्षांत तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. कोणाला तरी कापतायत असं वाटलं, असं ती पुढे सांगायची. तिच्या नवऱ्याने गाडी आणली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात डॉक्टर शिंपिणीशी बोलत होते आणि फ्रेमवाला जरा बाजूला उभा राहून त्यांचे ओठ वाचत होता. लवकर आणलं असतं तर, असं शिंपिणीने विचारलं. डॉक्टरांनी खांदे किंचित उचलले. "सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडलाही असता." शिंपीण मागे वळली आणि त्याला खुणेने सांगितलं, काही फरक पडला नसता. तिला वाटलं, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईचा डावा हात जरा हलायला लागला. तो तिच्या खाटेशी बसला होता. तिने दोन बोटं उभी केली, त्याच्या तळहातावर टेकवली, मग चिमूट तोंडाकडे नेली. ससे जेवले का? त्याने मान डोलावली. जेवले. खरं तर आदल्या दिवसापासून तो घरी गेलाच नव्हता. ताईने डोळ्यांनी त्याला न्याहाळलं. त्याचं खोटं तिला लहानपणापासून पकडता येई.

मग तो बोलला. वॉर्डात, सगळ्यांदेखत. आवाज किती मोठा होतो आहे हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता.

"ताई, ती पाय आपटत होती. मला कळत होतं. मी उठलो नाही."

आजूबाजूच्या खाटांवरून माना वळल्या. नर्स लगबगीने आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याने पुन्हा ताईकडे पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले होते. ते त्याचं बोलणं ऐकून मिटले की त्याआधीच, हे त्याला कधीच कळलं नाही. त्यानंतर तिने ते उघडले नाहीत. सकाळी ती गेली.

शेवटचं सगळं शेजाऱ्यांनी पार पाडलं. सगळे आपापल्या घरी गेल्यावर फ्रेमवाल्याने स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. करवत घेऊन त्याचे तुकडे करावेत असं त्याच्या मनात होतं. पण हातात करवत धरून तो तसाच बसून राहिला.

मुकादम ताईला शोधत होती. पाटापाशी जाई, बसे, उठे. मागच्या खोलीत ताईच्या अंथरुणावर चढून उशीचा वास घेई. संध्याकाळची भाजी निवडायची वेळ झाली की रिकाम्या पाटाभोवती ती दोनतीन फेऱ्या मारायची आणि डोकं जमिनीला टेकवून थांबायची. फ्रेमवाला ते दुकानातून बघे. एकदा न राहवून तो पाटावर जाऊन बसला आणि त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने तो हात सहन केला, क्षणभरच, मग बाजूला झाली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. सशाची पाठ म्हणजे काय असतं, ते ज्याच्याकडे केलेली असते त्यालाच कळतं. तिने पाय मात्र आपटला नाही. त्या दिवसानंतर तिने पाय आपटणंच सोडलं. कुंपणावर मांजर येऊन बसायचं, आभाळ गडगडायचं, आणि जमीन गप्प असायची.

मग तिने खाणं सोडलं. कोबीची पानं सुकून गेली, गवत तसंच राहिलं. गबाळ्या तिच्यापुढे पान ओढून आणायचा आणि स्वतःही खायचा नाही. फ्रेमवाल्याने तिला ताईच्या शालीत गुंडाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोंडावर कापडी मास्क लावून त्या काहीतरी विचारत होत्या. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. आता मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"ते तोंडावरचं काढता का?" तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मास्क काढला. त्याच्या आवाजाला त्या हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. सशाचं पोट थांबलं की ते जिवावर बेततं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. पातळ भरड करून पिचकारीने तोंडात सोडायची, पोट हलक्या हाताने चोळायचं, ऊब द्यायची. घरात काही बदललंय का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की हिचं माणूस गेलं. त्यांनी मान डोलावली. ससे झुरतात, म्हणाल्या, लोकांना खरं वाटत नाही.

निघता निघता तो दारातून परत फिरला. "एक विचारायचं होतं. ससा पाय आपटतो तो रागाने की भीतीने?"

"दोन्हीनेही. राग असो, धोका असो, पाय तोच."

"मग आपण ओळखायचं कसं?"

त्या दिवशी काय घडलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या पुढच्या जनावराचा कागद शोधत होत्या, आणि सहज बोलून गेल्या, "उठून बघायचं. दुसरं काय."

तो घरी आला आणि त्यांनी सांगितलं तसं त्याने सगळं केलं. दुकान बंद ठेवलं. हॉटेलवाल्याला परत पाठवलं. मुकादमला मांडीत घट्ट धरून तो पिचकारीने भरड तिच्या तोंडात सोडायचा, आणि ती अंगातलं उरलंसुरलं बळ काढून त्याला चावायची. या वेळी समज देण्यापुरतं नाही. त्याच्या अंगठ्यातून रक्त यायचं आणि त्याला ते बरं वाटायचं. कोणीतरी त्याला शिक्षा करत होतं, आणि ती करण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नव्हता. शिंपीण एकदा डबा घेऊन आली, त्याचा हात बघितला आणि म्हणाली, "भाऊजी, हे जनावर तुमचा जीव घेईल." तो म्हणाला, "घेऊ दे, वहिनी." घराबाहेरच्या कोणाशी तरी असं साधं बोलून गेल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मध्ये एक दिवस मुकादमने आपणहून गवताची काडी ओढली. तिचा जबडा हलताना पाहून फ्रेमवाला जमिनीवर पालथा पडून राहिला, तिच्या अगदी तोंडासमोर, श्वास रोखून. काडी संपली. तिने दुसरी घेतली. त्या दिवशी तोही पोटभर जेवला. पण ते तेवढंच. पुढच्या दिवशी तिने पिचकारीला विरोध केला नाही, चावलंही नाही, आणि ते त्याला सगळ्यांत वाईट वाटलं. दुपारी ती त्याच्या मांडीवर, शालीतच, जरा ताणली गेली आणि सैल पडली. शेवटपर्यंत तिने त्याच्या हाताखाली डोकं सरकवलं नाही. त्याला एकदाच हवं होतं ते.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की जोडीतलं एक गेलं तर दुसऱ्याला बघू द्या, नाहीतर ते शोधत बसतं. त्याने तिला शालीवर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाला. गबाळ्या आला. त्याने तिच्या नाकाशी नाक नेलं. मग जशी रोजची कामं करावीत तशी तिच्या डोळ्यांच्या कडा चाटल्या, कपाळ चाटलं, दोन्ही कान आतून बाहेरून साफ केले. तिच्याकडून काही परत येईल अशी त्याची अपेक्षा कधीच नव्हती. सगळं आटोपल्यावर तो तिच्या कुशीला लागून पडला. उन्हाचा कवडसा भिंतीवर चढेपर्यंत दोघं तशीच होती, आणि फ्रेमवाला भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होता. मग गबाळ्या उठला, दोन ढांगा लांब गेला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. फ्रेमवाल्याने तिला मागच्या अंगणात पुरलं.

दुकान पुन्हा उघडलं. न उघडून करतो काय? गिऱ्हाईक आलं की आता तोच काउंटरवर येई आणि आपल्या त्या वर-खाली होणाऱ्या आवाजात माप विचारी. काही जण चपापत, एकदोघं तोंड वळवून हसले, आणि एक म्हातारा तर त्याला खूप वेळ खुणा करत राहिला. शेवटी फ्रेमवाला म्हणाला, बोला हो, मला कळतं. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. बाकीच्यांना सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे ताई नेहमी म्हणायची. तेव्हा त्याला ते खरं वाटायचं.

गबाळ्याला एकट्याने जेवायची सवय नव्हती. ताटली पुढे ठेवून निघून गेलं की तो तसाच बसून राही. म्हणून फ्रेमवाला आपलं ताट घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसू लागला. एक घास याचा, एक पान त्याचं. जेवण झालं की गबाळ्या येऊन त्याच्या हाताचा पंजा चाटायचा, बोटांच्या मधून, अंगठ्यावरच्या त्या जुन्या वणावरून, अगदी मन लावून. त्याला चाटायला कोणीतरी लागत होतं, आणि घरात आता एवढंच उरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, एका घरातला ससा एकटा पडलाय, तुमच्याकडे आणता का? त्याने नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हाही नाहीच म्हटलं. आता कोणाचं काही सांभाळायचं झालं तर आपली छाती होत नाही, असं काहीसं त्याला म्हणायचं होतं. पण एवढं बोलणं त्याला जमलं नाही.

दिवस गेले. एका संध्याकाळी तो दुकान झाडत होता. गबाळ्या फळ्यांवरून हळूहळू चालला होता, आणि एकाएकी, काही कारण नसताना, त्याने हवेत उडी मारली. उडीतच अंग पिळलं, पाय एकीकडे, डोकं एकीकडे, पडका कान वर उडालेला. खाली आला, दोन पावलं पळाला आणि पुन्हा तशीच उडी मारली. म्हातारा होत चाललेला तो गबाळ जीव, सगळ्या दुकानात वेड्यासारखा बागडला. फ्रेमवाल्याला हसू फुटलं. पोट धरून हसला तो, आणि हसता हसताच वळून म्हणाला, "ताई, बघ गं हा!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. केरसुणी हातात धरून तो उभा राहिला. गबाळ्या दमून कुशीवर पडला होता आणि त्याचं पोट भराभर वरखाली होत होतं.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीचा शिवणकाम करतानाचा एक जुना फोटो मढवून झाला होता तो द्यायला फ्रेमवाला समोर गेला. कालचं कोणाला तरी सांगावं असं त्याला राहून राहून वाटत होतं. त्याने तिला सांगितलं, हातांनी उडी दाखवली, अंग कसं पिळलं ते दाखवलं, कान कसा उडाला तेही. शिंपिणीने मशीनवरचा पाय थांबवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. खेळतोय म्हणजे बराय."

ती मनापासून म्हणाली होती. त्यात आणखी काय म्हणणार? फ्रेमवाल्याने मान डोलावली, फोटो तिच्या हातात दिला, आणि खिळा भिंतीत कुठे ठोकायचा ते तिला विचारलं.